तारतम्य

पौष सरत आला, की मेहरूणच्या तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला सकाळी धार असते, दुपारी ती बोथट होते, आणि दिवेलागणीच्या सुमारास, जेव्हा पाण्यावरची झळाळी ओसरून काठची झाडे नुसत्या काळ्या आकृतींसारखी उरतात, तेव्हा आमच्या ओसरीवर अभ्यासाला येणाऱ्या सहासात मुलांच्या खिशांतून आणि दप्तरांतून बोरांचा वास येऊ लागतो. मेहरूणची बोरे जळगावाबाहेरही नावाजलेली आहेत. फळशास्त्राच्या ग्रंथांत बोरीच्या जाती सांगताना 'मेहरूण' हे नाव एका स्वतंत्र जातीचे म्हणून येते, आणि आपल्या नावाचे फळ असण्याचे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येत असल्यामुळे, त्या बागांच्या जागी आज सिमेंटच्या खांबांच्या रांगा उभ्या राहिलेल्या पाहताना माझ्यासारख्या जुन्या रहिवाशाच्या पोटात कालवते. तरीही कुठे तरी, कुणाच्या तरी कुंपणाआड, चारदोन बोरी शिल्लक आहेत, आणि मुलांना त्यांचा ठाव अचूक लागतो.

या मुलांना यंदा मी इंग्रजी विशेषणांच्या तुलनेचा पाठ शिकवीत आहे. बिग, बिगर, बिगेस्ट; टॉल, टॉलर, टॉलेस्ट; गुड, बेटर, बेस्ट. ज्याने हा पाठ कधी शिकवला नसेल त्याला तो अर्ध्या तासाचा वाटेल. माझ्या मते मात्र प्राथमिक शाळेच्या इंग्रजीत याच्याइतका नाजूक पाठ दुसरा नाही. वस्तूचे नाव शिकताना मूल वस्तूकडे पाहते, क्रियापद शिकताना स्वतःच्या हातापायांकडे पाहते. पण तुलना शिकताना ते प्रथमच एका वस्तूजवळ दुसरी ठेवून निवाडा देऊ लागते, आणि निवाडा देण्याची जी रीत त्या वयात अंगवळणी पडते ती पुढे जन्मभर माणसाची सोबत करते.

आमच्या पिढीला हा पाठ असा लहानपणी भेटला नाही. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या धोरणाने मुंबई इलाख्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे सरकले होते. पुढे ते पाचवीत आले, मी ते पाचवीत शिकलो, आणि नोकरीची उमेदीची वर्षे सरल्यावर, 2000 सालच्या जूनमध्ये, ते शासनाच्या हुकुमाने मराठी शाळांच्या थेट पहिल्या इयत्तेत येऊन बसले. ज्या शिक्षकांनी आयुष्यात इंग्रजीचे एक वाक्य मोठ्याने उच्चारले नव्हते, त्यांच्या हाती चित्रांचे रंगीत तक्ते आले. आमच्यापैकी पुष्कळांनी त्या उन्हाळ्यात तर्खडकरांची जुनी भाषांतर पाठमाला पेटीतून काढून, झटकून, पुन्हा वाचली. कुणी रेन आणि मार्टिन यांचे 1935 सालचे जाडजूड व्याकरण मागून आणले. त्या ग्रंथांचे ऋण मोठे आहे, परंतु सात वर्षांच्या मुलापुढे उभे राहिल्यावर काय बोलावे, हे त्यांत कुठेच लिहिलेले नव्हते.

तक्त्यावर तीन मुलांचे चित्र असे. डावीकडचा सर्वांत बुटका, मधला त्याहून उंच, उजवीकडचा त्याहूनही उंच. आणि त्यांच्याखाली अनुक्रमे टॉल, टॉलर, टॉलेस्ट असे शब्द. हा तक्ता मी वर्षानुवर्षे भिंतीवर टांगला, छडीने दाखवला, मुलांकडून घोकून घेतला. एके दिवशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी फारसे बोलत नसे, उभी राहून म्हणाली, "सर, हा तं तिघांत बुटका आहे. मग याच्याखालीच टॉल कसं काय लिहिलं?"

मी तक्त्याकडे पाहिले. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जो उंच नाही त्याला आम्ही 'उंच' असे नाव देत होतो, केवळ एवढ्याचसाठी, की शिडीला एक तळची पायरी हवी होती. व्याकरणाच्या पुस्तकात पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह या तीन डिग्र्या एकाखाली एक छापतात, त्यामुळे त्या तीन वस्तूंच्या तीन उंची आहेत असा समज होतो. वस्तुतः पहिली डिग्री ही शिडीची पायरीच नव्हे. कुणाशीही न मोजता, स्वतःच्या अंगाने जी वस्तू उंच ती टॉल. आणि टॉलर होण्यासाठी टॉल असण्याची मुळीच गरज नाही. दोन बुटक्यांतला एक दुसऱ्याहून टॉलर असतोच. त्या दिवसापासून तो तक्ता मी भिंतीवरून उतरवला.

ही गोष्ट मुलांना समजावून सांगू लागलो, तेव्हा मला असे आढळले, की आपल्या भाषेत ती आपोआपच स्पष्ट आहे. मराठी विशेषणाला तुलनेचा संसर्ग होत नाही. हा मुलगा उंच आहे, हा त्याच्यापेक्षा उंच आहे, हा सर्वांत उंच आहे: तिन्ही वाक्यांत 'उंच' जसाच्या तसा, अविकारी, तुलनेचा सगळा भार दुसऱ्या शब्दाने उचललेला. इंग्रजीत मात्र तुलना विशेषणाच्या अंगातच शिरते आणि त्याचे रूप पालटते; ज्याच्याशी तुलना करायची तो समोर नसला तरी टॉलर हा शब्द एकटाच उभा राहून कुणाकडे तरी खाली पाहत राहतो. आमची मुले जेव्हा 'मोर बिगर' म्हणतात, किंवा नुसतेच 'बिग दॅन' म्हणतात, तेव्हा तो आळस नसतो. घरात जिथे दोन खोल्या आहेत तिथे ती पाहुण्या घरातही दोन खोल्या शोधतात. 'मोस्ट बेस्ट' म्हणणाऱ्या मुलाला मी कधी रागावलो नाही. आपण सारेच 'सर्वांत श्रेष्ठ' म्हणतो, ज्यातला 'श्रेष्ठ' आधीच सर्वांत वरचा आहे, आणि अशी दुहेरी रूपे शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकातही सापडतात.

आणि 'पेक्षा' हा शब्द तरी काय आहे! रोज शंभर वेळा उच्चारूनही आपल्या ध्यानात येत नाही, की तो 'अपेक्षा' या संस्कृत शब्दाचाच झिजलेला अवशेष आहे. अपेक्षा म्हणजे एखाद्याकडे दृष्टी लावणे. 'त्याच्यापेक्षा उंच' म्हणजे त्याच्याकडे दृष्टी ठेवून पाहिले असता उंच. 'त्याहून' म्हणताना आपण पंचमीचा प्रत्यय लावतो, म्हणजे त्याच्यापासून निघून मोजत जातो, जसे घराहून शाळेपर्यंत मोजावे. इंग्रजीतला 'दॅन' हा पूर्वी 'देन'च होता. म्हणजे इंग्रज पूर्वज 'हा मोठा, मग तो' असे म्हणत क्रम लावीत असत. एकाने दृष्टी लावली, एकाने अंतर मोजले, एकाने क्रम लावला. हे मुलांना याच शब्दांत सांगता येत नाही, पण ओसरीच्या पायरीवर दोन पेन्सिली ठेवून, 'आता या पेन्सिलीकडे पाहा, आणि तिच्याकडे पाहत पाहत दुसरीबद्दल सांगा,' असे म्हटले, की मुले सहजच 'दॅन'च्या जागी येऊन थांबतात.

संस्कृतात मात्र विशेषण इंग्रजीसारखेच रूप पालटते, आणि तेही दोन प्रकारांनी. दोहोंत एक सरस असेल तर तरप् किंवा ईयसुन्, अनेकांत एक सरस असेल तर तमप् किंवा इष्ठन्, अशी व्यवस्था पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात घालून दिली आहे. लघुतर आणि लघुतम हे पहिल्या जोडीचे, गरीयस् आणि गरिष्ठ हे दुसऱ्या जोडीचे. हा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच कुळातले सख्खे भाऊबंद आहेत. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाचा जो विचार मांडला, त्याच्या मागोमाग उघड झालेल्या अनेक नात्यांपैकी हे एक. मला त्यातले सर्वांत प्रिय उदाहरण असे, की इंग्रजीतला 'स्वीट' हा संस्कृत 'स्वादु'चा आप्त आहे. म्हणून 'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ठ' ही एकाच घराण्याची, एकाच प्रत्ययाची, दोन खंडांत वाढलेली दोन रूपे होत. आपण आज तो शब्द ट-काराने लिहितो आणि मसाल्याच्या पुड्यांवर छापतो, त्यात कुणाची तुलना आहे हे विसरून गेलो आहोत. गुड, बेटर, बेस्ट या वाकड्या रूपांना मुले घाबरतात, तर पाणिनीपाशी त्यांनाही जोड आहे: वृद्ध या शब्दाचे पुढचे रूप ज्येष्ठ होते, आणि प्रशस्याचे श्रेष्ठ, मूळ शब्द नाहीसाच होतो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. गरीयसी हा शब्द म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने एक कम्पॅरेटिव्ह डिग्री नकळत उच्चारलेली असते.

आणि या तर-तमांच्या जोडीतूनच आपल्याला 'तारतम्य' मिळाले. कुणाचे किती आहे हे मोजता मोजता ज्या भाषेने त्या मोजण्यालाच विवेकाचे नाव दिले, तिच्याविषयी मला कृतज्ञता वाटते.

खानदेशात फारशी दप्तराचा अंमल दीर्घकाळ राहिला, आणि तिथूनही तुलनेची रूपे आपल्या घरात शिरली. सरकारी कागदांत अव्वल आणि दुय्यम हे शब्द सर्रास येत. आजही निकालाच्या दिवशी आई मुलाला 'अव्वल आलास का' असे विचारते. अरबीत कबीर म्हणजे मोठा आणि अकबर म्हणजे त्याहून, किंवा सर्वांहून, मोठा. एका संताचे नाव आणि एका बादशहाचे नाव ही एकाच धातूची दोन रूपे आहेत, हे मी एकदा वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाचा चेहरा असा उजळला, की त्याच्या घरात यांपैकी कुणाचे तरी नाव असावे असे मला वाटले. 'मेलो तरी बेहत्तर' म्हणताना आपण फारसीतला 'बेहतर', म्हणजे 'अधिक चांगले', वापरत असतो. त्यातला 'तर' हा संस्कृत 'तर'चा बंधू आहे. इंग्रजी 'बेटर'शी त्याचा नाद जुळतो तो मात्र निव्वळ योगायोग, मुळे निरनिराळी. पण मुलांच्या स्मरणात शब्द रुजवायला नाद पुरेसा असतो, आणि 'बेटर'चा अर्थ मी ओसरीवर 'बेहत्तर'च्याच बोटाला धरून शिकवतो.

नादाचा एक निराळा अनुभवही यंदा आला. 'बिगर' लिहिताना मधला जी दोनदा का येतो, हे मी पाटीवर दाखवीत होतो. एका मुलाने विचारले, "सर, बिगर म्हणजे बिगरशेतीतलं बिगर का?" आमच्या गल्लीच्या टोकाला जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत बोरीची बाग होती, तिथे 'बिगरशेती प्लॉट विकणे आहे' अशी पाटी लागली आहे, शाळेत जाता-येता मुले ती वाचतात. मी म्हटले, ते बिगर फारसीतले, त्याचा अर्थ 'वाचून'. हे बिगर इंग्रजीतले, त्याचा अर्थ 'अधिक मोठे'. मुलाने मान डोलावली. तो समाधानाने पुढच्या शब्दाकडे वळला. मला मात्र त्या एका ध्वनीत, वाढत जाणारे शहर आणि जिच्यावाचून ते वाढत आहे ती बाग, दोन्ही एकदम दिसली, आणि खडू हातात तसाच राहिला.

या पाठाविषयी मी इतका हळवा का, हे सांगितले पाहिजे. मी ज्या शाळेत सातवीत होतो ती इथून दूर, आणि ते शिक्षक आता या जगात नाहीत. त्यांनी तुलनेचा पाठ शिकवताना उदाहरणासाठी तीन मुलांना पुढे बोलावले आणि रंगावरून ब्लॅक, ब्लॅकर, ब्लॅकेस्ट असा क्रम लावला. मी तिसरा होतो. वर्ग हसला. शिक्षकांच्या मनात दुष्टावा नव्हता, असे मी आजही मानतो. त्यांना एक स्पष्ट, विसरता न येणारे उदाहरण हवे होते, आणि ते तसे झालेही, कारण त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मला त्या तिसऱ्या शब्दाने हाक मारली गेली. तो पाठ माझ्याइतका पक्का त्या वर्गात कुणाचाच झाला नसेल. घरी मी काही बोललो नाही. आईने मात्र काही तरी ताडले असावे, कारण त्या रात्री तिने मला जवळ घेतले आणि माझ्या कपाळावरून हात फिरवीत, 'माझा सावळा' एवढेच म्हणाली. सावळा या शब्दाला डिग्री नाही.

आपल्या शाळांत असा आणखी एक शब्द आहे, 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचा आकार फारसा पालटला नाही, म्हणून न बदलणाऱ्या, न सुधारणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, असे सांगतात. एका निरपराध अक्षराच्या माथी हा डाग पडला आणि त्या अक्षराने हजारो मुलांच्या माथी तो लावला. माझ्या सेवेत मी हा शब्द वर्गात एकदाही उच्चारला नाही, आणि तुलनेच्या पाठात मुलाशेजारी मूल कधी उभे केले नाही. पेन्सिली, दोऱ्या, केळीची पाने, भरताची वांगी, विहिरीतले पाणी आणि तलावातले पाणी, हे सारे माझ्या वर्गात एकमेकांशी मोजले गेले, माणसे नाहीत. वय सांगायचे झाले तर मराठीत थोरला आणि धाकटा हे शब्द आहेतच, ज्यांत मोजमाप आहे पण पराभव नाही; थोरल्या बाजीरावांना थोरले म्हणताना पुढच्या बाजीरावाविषयीचे मत त्या शब्दात येत नाही, आणि घरातली धाकटी जाऊ थोरलीहून उंच असली तरी ती धाकटीच राहते. हे सगळे मुलांना मी इंग्रजीच्या तासाला सांगत असे, आणि तपासनीस वर्गात आले तरी थांबत नसे.

यंदा बोरांनी काम सोपे केले. एका संध्याकाळी मी मुलांना आपापली बोरे ओसरीवर मांडायला सांगितली. बाजारातली ॲपल बोरे, हिरवी, गुळगुळीत, लहान सफरचंदाएवढी, दोघांजवळ होती. मधल्या आकाराची काही. आणि एका मुलीजवळ कुंपणाआडच्या बोरीची, लालसर, सुरकुतू लागलेली, बोटाच्या पेराएवढी चारपाच. बिग, बिगर, बिगेस्ट हा क्रम मिनिटभरात लागला, आणि सर्वांत मोठे बोर आणणाऱ्या मुलाने ते सर्वांत वर ठेवले. मग मी म्हटले, आता चाखून स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट लावा. मुलांनी बोरे फोडली, वाटून खाल्ली, एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले, पुन्हा चाखले. वाद झाला. मोठे बोर पाणचट निघाले. मधल्यांत मतभेद राहिला. सुरकुतलेले लाल बोर मात्र तोंडात जाताच सगळे गप्प झाले. पाटीवरची रांग उलट लिहावी लागली. स्वीटेस्टच्या खाली मी 'स्वादिष्ठ' लिहिले आणि दोन्ही शब्दांचा शेवट एकमेकांखाली येईल अशी अक्षरे जुळवली. मुलांनी बोट फिरवून ती पाहिली.

लाल बोरे आणणाऱ्या मुलीच्या मुठीत अजून एक उरले होते, अर्धे हिरवे. तिने ते चावले, डोळे घट्ट मिटले, खांदे वर घेतले, आणि मग म्हणाली, "सर, आंबटढाण!" आणि लगेच, "याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?"

सोअर, सोअरर, सोअरेस्ट ही रूपे माझ्या जिभेवर आली होती, पण त्यांतले एकही तिच्या तोंडातल्या बोराचे नव्हते. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, कडूजहर, गोडमिट्ट, नवाकोरा: आपल्या भाषेने प्रत्येक गुणाच्या पराकोटीला एकेक स्वतंत्र सोबती दिला आहे, जो दुसऱ्या कुणापाशी जात नाही आणि ज्याला कुणाला मागे टाकून पुढे यावे लागत नाही. आंबटढाण बोर कुठल्याही बोराहून आंबट नसते. ते आंबटढाण असते.

मी तिला म्हटले, "इंग्रजीतही आंबटढाणच लिही." तिने वही उघडली, वरती 'स्वीटेस्ट' लिहिलेल्या ओळीखाली जागा सोडली, आणि इंग्रजी अक्षरांत एकेक करीत शब्द लावू लागली. 'आंबट'पर्यंत ती ठीक आली. मग पेन्सिल उचलून थांबली.

"सर, ढ कसा काढायचा?"

"डी काढ," मी म्हणालो, "आणि त्याला एचची सोबत दे."

तिने डी काढला, त्याच्या अंगाला अंग लावून एच काढला, आणि दोन्ही अक्षरे पुन्हा एकदा गिरवली. तोवर तलावाच्या बाजूने अंधार ओसरीपर्यंत आला होता. मी उठून दिवा लावला.